एकोणीस नंबरची बाटली

रवळनाथाची आण, माझ्या माहेरच्या विहिरीची आण, आणि तोंडात उरलेत त्या सहा दातांची आण! आता सांगणार आहे त्यातला शब्द न शब्द खरा आहे. उंबरवाडीत कुणालाही विचारा. नको, विचारू नका. ते म्हणतील, हौसाबाई सांगते म्हणजे निम्मं टाकून द्या आणि उरलेलं तीन पाण्यातून धुऊन घ्या. पण ही गोष्ट तशी नाही. मी सांगतेय, एकजण वहीत उतरवून घेतेय, आणि तिला मी बजावलंय, माझ्या तोंडून निघेल तेवढंच लिही, वर तिखटमीठ घालू नको. तिखटमीठ घालायचं काम माझं.

तर चैत्र होता. पंधरा वर्षं झाली. शाळेच्या व्हरांड्यात माझं जुनं हिरवं लुगडं पडद्यासारखं बांधलं होतं, आणि पडद्यामागं बसून मी वाडीतल्या बायकांना थुंकायला लावत होते.

हसा. मीही तेव्हा हसतच होते.

झालं होतं असं, की आमच्या वाडीत दोन-चार घरांत एक विचित्र दुखणं होतं. पोर चांगलं चालतं-बोलतं असायचं. सहा-सात वर्षांचं झालं की पडायला लागायचं. मग जमिनीवरून उठताना हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभं राहायचं. कुणी म्हणे शाप, कुणी म्हणे पाण्यात दोष. शेवटी शहरातून केतकी मॅडम आल्या. बारीक, चष्मेवाली, आवाज कोकरासारखा. त्या म्हणाल्या, दुखणं रक्तातून उतरतं का ते बघायचं आहे, आणि त्यासाठी रक्त नको, थुंकी पुरे. आई, बाप आणि मूल, तिघांची. प्रत्येकाला नंबर चिकटवलेली छोटी बाटली. रेघेपर्यंत भरायची. झाकण लावलं की झाकणातलं निळं पाणी आपोआप आत पडायचं.

पुरुष रांगेत उभे राहिले आणि दहा मिनिटांत मोकळे झाले. थुंकायची त्यांना सवयच. अडलं बायकांचं. सासऱ्यासमोर, दिरासमोर बाईनं थुंकायचं? आम्ही सकाळची चूळसुद्धा परसात तोंड वळवून भरतो. म्हणून ते लुगडं. पण लुगड्यामागं येऊनही तोंडाला पाणी सुटेना. वर मॅडमची अट, एक तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. आमच्याकडच्या बायका सकाळी उठून आधी मिश्री लावतात, दातांवरून बोट फिरलं नाही तर सूर्य उगवल्यासारखा वाटत नाही. अशा बायकांची तोंडं मिश्रीवाचून कोरडी ठणठणीत.

मॅडम रडकुंडीला आल्या. "काकी, रेघेपर्यंत भरतच नाहीये. नुसता फेस येतोय."

म्हटलं, "मॅडम, मला आत बसवा. फेसाचं पाणी करून दाखवते."

आणि मी कैरीची गोष्ट सुरू केली. माझ्या माहेरी एक आंबा होता, त्याची कैरी इतकी आंबट, की झाडावर बसलेल्या पोपटाची चोच वाकडी झाली ती तेव्हापासून. ती कैरी फोडायची, आत पांढरी बाठ, वर जाडं मीठ, वर लाल तिखट, आणि जिभेच्या शेंड्यावर ठेवायची... एकेक बाटली बघता बघता भरू लागली. शाळेचं कुत्रं पायरीवर निजलं होतं, त्याचीही लाळ गळायला लागली. खरंच. दातांची शपथ घेतलीय ना मी?

अठरा बाटल्या झाल्या. एकोणिसावी वैजंताची.

वैजंता म्हणजे माझ्या शेजारची. माझी बालमैत्रीण भागीरथी, तिची सून, आणि भागूच्या सख्ख्या भावाची लेक. म्हणजे सासू ती आत्या आणि नवरा बळवंत तो आतेभाऊ. आमच्याकडं चालतं असं. वैजंता काजूच्या शेडात कामाला होती. काजू सोलून सोलून तिची बोटं टरफलाच्या तेलानं काळी पडलेली, कातडी सोललेली. आणि तिची नऊ वर्षांची लेक, कस्तुरी, तेव्हा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर चढायला लागली होती.

वैजंतानं खाली मान घालून बाटली भरली, झाकण न लावताच माझ्या हातात दिली आणि झर्रकन निघून गेली. बघते तर काय, आत तपकिरी पाणी!

मिश्री. सकाळीच लावली होती बयेनं.

आता पडद्याबाहेर टेबलाशी मॅडम होत्या, त्या तपकिरी बाटली बघून म्हणणार, "मिश्री लावलीय, तासाभरानं पुन्हा या." मोठ्यानं म्हणणार, कारण त्या प्रत्येकीला तसंच म्हणत होत्या. आणि टेबलाशेजारी खुर्ची टाकून भागू बसलेली. भागूला मिश्रीचा भारी तिटकारा. तिच्या आईला तोंडाचा कॅन्सर झाला होता. वैजंतानं चारच महिन्यांपूर्वी मिश्री सोडल्याचं सासूला सांगितलं होतं. आज सगळ्या वाडीसमोर फजिती.

मला दया आली. खरंच दया आली, त्यात खोट नाही. मी ती बाटली व्हरांड्याच्या कडेला ओतली, चूळ भरायच्या तांब्यातल्या पाण्यानं विसळली, आणि कैरी आठवून स्वतःच रेघेपर्यंत भरली. माझ्या तोंडाला कधी दुष्काळ नसतो. झाकण लावलं. निळं पाणी पडलं.

म्हटलं, थुंकी ती थुंकी. उलट माझी निरोगी. वैजंताचं नाव यादीत चांगलंच लागेल.

ती माझी अक्कल!

*

आषाढ सरत आला होता तेव्हा केतकी मॅडम परत आल्या. एकट्या, आणि थेट माझ्या घरी. मी चहा टाकला. त्यांनी तो हातात धरून गार केला.

"काकी, तुम्हाला एक विचारते. तुमच्याजवळच ठेवा. त्या दिवशी पडद्यामागं बाटल्यांची अदलाबदल झाली असेल का?"

"कसली अदलाबदल?"

"आम्ही दुखणं शोधायच्या आधी नाती तपासतो. कागदावर जे नातं लिहिलंय तेच थुंकीत दिसतं का, ते. मुलात निम्मं आईचं असतं, निम्मं वडिलांचं. कस्तुरीत बळवंतचं निम्मं बरोबर दिसतंय. पण वैजंताबाईंचं काहीच नाही. आणि त्या बळवंतच्या मामेबहीण ना? तर नवरा-बायकोतही थोडं नातं दिसायला हवं. तेही नाही. कुणी परकीच बाई असावी तशी."

परकीच बाई त्यांच्यासमोर बसून बशीत चहा ओतत होती.

तेव्हाच सांगायचं. दोन वाक्यं होती. पण मॅडमनी मला वाडीसमोर म्हटलं होतं, "काकी, तुमच्यामुळं माझं काम झालं." आयुष्यात मला काम झालं असं कुणी म्हटलं नव्हतं. गोष्ट झाली म्हणतात, करमणूक झाली म्हणतात.

"छे छे," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांदेखत भरल्या सगळ्या. रवळनाथाची आण."

मॅडमनी सुस्कारा टाकला. "मग आमच्याच प्रयोगशाळेत घोळ असेल. नवी बाटली घेऊन येते मी थोड्या दिवसांनी. तोवर कुणाला बोलू नका हं. अशा गोष्टीनं घरं मोडतात."

"माझ्या तोंडून? मॅडम, मी म्हणजे विहीर."

विहीर! वाडीत लहान पोरंसुद्धा सांगतील, हौसाकाकीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

दुसऱ्या दिवशी काजूच्या शेडात बायकांनी मला घेरलं. मी तिथं कामाला नव्हते, गप्पा मारायला जायचे. सुताराची रत्ना म्हणाली, "काकी, काल मॅडम तुमच्याकडं कशाला आल्या होत्या?"

"चहाला."

"चहाला शहरातनं येत्यात व्हय? सांगा की."

"सांगण्यासारखं नाही."

हे म्हटलं की झालं. दहा जणींचे हात थांबले. दहा तोंडं माझ्याकडं. आणि मला ते आवडतं हो. भुकेल्याला भाकरी दिसावी तसं होतं मला. मनात म्हटलं, बाटलीकडं कुणाचं लक्ष जाऊ नये असं दुसरंच काहीतरी सांगावं. तशी गोष्ट जिभेवर तयारच होती, कुठून आली देव जाणे.

मी नाव घेतलं नाही. म्हटलं, एक बाई तालुक्याला बाळंत झाली. शेजारच्या खाटेवर एक शहरातली बाई, तीही त्याच वेळी मोकळी झाली. दोघींनाही पोरीच. नर्सबाईचा चष्मा आदल्या दिवशी एका बैलानं तुडवलेला. तिनं दोन्ही पोरी धुतल्या, पुसल्या, आणि ठेवताना पाळणे चुकले. आता थुंकीचं यंत्र सांगतंय, लेक आईची नाही.

मॅडम म्हणाल्या होत्या, बापाचं निम्मं बरोबर जुळतंय. पाळणे चुकले असते तर बापाचंही जुळलं नसतं, एवढं मलाही कळत होतं. पण ते गोष्टीच्या आड येत होतं. गोष्टीच्या आड येईल ते मी गाळते. नेहमीच गाळत आलेय.

रत्ना म्हणाली, "कुणाची लेक, काकी?"

मी नुसती वैजंताच्या रिकाम्या पाटाकडं बघितलं. ती त्या दिवशी कस्तूला घेऊन तालुक्याला गेली होती.

*

गोष्ट माझ्याआधी घरी पोचली.

भागू धावतच आली. पदर खांद्यावर नाही, डोळे चमकताहेत. "हौसे, खरं हाय? सांग, तुला रवळनाथाची आण हाय."

"अगं, मी आपलं..."

"खरंच असंल! मी म्हणतच होतो, आमच्या कुळात असलं दुखणं कुठनं आलं?" तिनं माझे दोन्ही हात धरले. "त्या मॅडमनी कागदावर विचारलं होतं न्हवं, नवरा-बायकूचं लग्नाआधी नातं काय? त्या दिवसापास्नं मला झोप न्हाई. भावाची लेक मीच हट्टानं करून घेतली. वाटलं, माझ्यामुळंच पोरीचं पाय गेलं. आता कळलं. ती आमची न्हाईच! आमची खरी नात कुठंतरी दणादण पळत असंल."

आणि भागू रडली. आनंदानं रडली. तीन महिन्यांचं ओझं उतरलं तिचं. मी कसं म्हणणार होते, भागू, ते परत उचल?

भागू रोज दुपारी कस्तूच्या पायांना तेल चोळायची. वाटीत तेल कोमट करून, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, अर्धा तास. माझ्या ओसरीवरून दिसायचं. ते तेल बंद झालं. मारलं नाही, बोलली नाही, जेवायला वाढायची. फक्त तेलाची वाटी फळीवरून खाली आली नाही.

वैजंतानं सगळ्यांशी भांडण काढलं. "मी नऊ म्हैनं पोटात वागवली. नाळ कापताना बघितली. माझी न्हाई म्हंजे?" बळवंत गप्प. तो तसाही गप्पच. मग वैजंता कामाचा खाडा करून तालुक्याच्या दवाखान्यात गेली, जुनं रजिस्टर काढा म्हणून. त्यांनी हाकललं. परत गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा कुणी दयाळू शिपायानं सांगितलं, बाई, एवढं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. तिनं माझ्याच ओसरीवर बसून मला हे सांगितलं, आणि पाणी मागितलं. मी दिलं.

आणि एका दुपारी कस्तू आली. आमच्या दोन घरांमध्ये वीस पावलं. तिला ती वीस पावलं म्हणजे घाट. भिंतीला धरत आली, पायरीवर बसली.

"आजी, ती गोष्ट तुलाच ठाऊक आहे ना? पाळण्याची?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांनी." ती जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली. "आजी, त्या दुसऱ्या पोरीला पळता येतं?"

मी काय उत्तर दिलं ते सांगत नाही. चेहरा दुसरीकडं केला. नऊ वर्षांच्या पोरीला स्वतःची कीव आलेली नव्हती. ती खरोखरच विचारत होती, माझ्या जागेवर जी पोर आहे ती नीट आहे ना.

त्याच संध्याकाळी मी भागूच्या घरी गेले. त्याच संध्याकाळी. हे नीट लिहून घे गं.

*

सोप्यात सगळी होती. बळवंत खांबाला टेकून, भागू तांदूळ निवडत, वैजंता हाताला एरंडेल लावत होती. शेडातून आल्यावर त्या काळ्या बोटांची आग व्हायची तिच्या. रत्नाही होती, भागूला दळण द्यायला आलेली. कस्तू कोपऱ्यात दप्तर घेऊन.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. "मला सांगायचंय."

भागू म्हणाली, "बस की. चहा टाकू?"

"चहा नको. ती एकोणीस नंबरची बाटली, वैजंताची, ती मी भरली होती. ती थुंकी माझी. म्हणून जुळलं नाही. पाळणे, नर्सबाई, चष्मा, बैल, सगळं मी रचलं."

रत्ना फिस्सकन हसली.

"काकी, ही पहिलीपेक्षा भारी हाय!"

"गोष्ट नाही गं. खरं सांगतेय. रवळनाथाची..."

"रवळनाथ तुला कटाळला, हौसे," भागू म्हणाली. हसत नव्हती ती. सुपातले हात थांबले होते. "लेकीच्या बाळंतपणात गव्यानं दिवा धरला, ती गोष्ट कुणाची? तुझी. तुझ्या सासऱ्यानं वाघाला गुळपोळी चारली, ती कुणाची? आज वैजीनं तुझ्याकडं येऊन रडगाणं गायलं, तुला दया आली, म्हणून तू नवी गोष्ट जुळवलीस. जा घरी."

"भागू, तुझ्या पाया पडते."

"माझ्या खऱ्या नातीला माझ्यापास्नं हिरावू नको!" ती ओरडली, आणि सूप कलंडलं. तांदूळ सोपाभर.

मी सगळं आयुष्य खोटं बोलले आणि लोकांनी आवडीनं ऐकलं. एकदा खरं बोलले तर ऐकायला कुणी नाही. मला वाटलं, वळावं आणि जावं. सांगितलं ना? आपलं काम झालं.

तेवढ्यात वैजंता उठली. तेलकट हात तसेच पुढं धरून माझ्याजवळ आली. "काकी, माझी बाटली का बदलली तुम्ही?"

मी भागूकडं बघितलं.

"का बदलली?"

"पाणी तपकिरी होतं," मी हळूच म्हटलं.

वैजंताचा चेहरा बघता बघता उतरला. तिला कळलं. माझ्यावर विश्वास ठेवणारी त्या घरात एकटी तीच होती, कारण सकाळी तोंडात काय होतं ते तिला आणि देवालाच ठाऊक होतं. आणि आता मलाही. पण सासूला पटवायचं, तर तिलाच तोंड उघडावं लागणार होतं.

तिनं कस्तूकडं बघितलं. मग सासूकडं वळली.

"आत्या, काकी खरं बोलती. मी त्या दिवशी मिश्री लावली होती."

"सोडलीस न्हवं?"

"न्हाई सोडली. चोरून लावतो. तुम्ही मला पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी लावली." तिचा आवाज फाटला. "तिचं पाय माझ्या खोट्या शपथेनं गेलं असं मला रोज वाटतंय, आत्या. तुम्हाला तुमच्यामुळं वाटतंय, मला माझ्यामुळं. पण ती माझीच हाय."

भागू सांडलेल्या तांदळाकडं बघत राहिली. बळवंत, जो कधी बोलत नाही, तो खांब सोडून पुढं आला आणि गुडघ्यावर बसून तांदूळ गोळा करायला लागला.

मला कुणी काही म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

*

दुसऱ्या दिवशी केतकी मॅडम नवी बाटली घेऊन आल्या. त्यांना मी भागूच्या उंबऱ्यातच सगळं सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काकी, मी घरी जाऊन तुमची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. कैरीची." आणि पिशवीतून बाटल्या काढायला लागल्या. एक वैजंताला, एक मला.

मॅडमनी पडदा बांधायला दोरी मागितली. वैजंता म्हणाली, "पडदा नको." सोप्यात, सासूसमोर, नवऱ्यासमोर, दारात जमलेल्या पुरुषांसमोर तिनं बाटली तोंडाशी धरली. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता तिनं. तोंड कोरडं. ओठ हलताहेत, पण थेंब नाही.

कस्तू म्हणाली, "आजी, कैरीची गोष्ट सांग ना."

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा काही आलं नाही. पोपट नाही, कैरी नाही. जीभ टाळ्याला चिकटली.

मग ती पोर स्वतःच सांगायला लागली. भिंतीला टेकून, आईकडं बघत. "एक आंबा होता. त्याची कैरी इतकी आंबट, की पोपटाची चोच वाकडी झाली. आत पांढरी बाठ. वर मीठ, जाडं मीठ..." वैजंताच्या डोळ्यांना आणि तोंडाला एकदमच पाणी आलं. बाटली रेघेपर्यंत भरली. माझी मात्र त्या दिवशी भरायला पाऊण तास लागला.

महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. निम्मं बळवंतचं, निम्मं वैजंताचं. नवरा-बायकोत मामे-आतेचं नातं जिथल्या तिथं. आणि जुन्या एकोणीस नंबरची थुंकी शंभर टक्के हौसाबाईची. दुखणं दोन्हीकडून थोडं थोडं उतरलं होतं. कुणाच्या हट्टानं नाही, कुणाच्या शपथेनं नाही, असं मॅडमनी भागूला फोनवर तीनदा समजावलं. भागूनं ऐकलं. फोन ठेवला. फळीवरून वाटी काढली आणि तेल कोमट करायला ठेवलं.

माझ्याशी ती दोन वर्षं बोलली नाही. तिसऱ्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली, हातावर ठेवला आणि म्हणाली, "काय बी बोलू नगंस." मी बोलले नाही. भागू आता नाही.

कस्तू आहे. चोवीस वर्षांची झाली. चाकाच्या खुर्चीत असते, पण हात चांगले आहेत, अक्षर तर मोत्यासारखं. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. गेल्या महिन्यापासून रोज दुपारी माझ्याकडं येते आणि माझ्या गोष्टी वहीत उतरवते. म्हणते, आजी, तू मेलीस की सगळं जाईल. हीही तिनंच लिहून घेतलीय, पहिल्या शपथेपासून, मान वर न करता.

"झालं," मी तिला आत्ता म्हटलं. "संपली. मीट वही."

तिनं मिटली नाही. पेनचं टोपण काढून लावलं, काढून लावलं. मग म्हणाली, "आजी, ते 'त्याच संध्याकाळी' तसंच ठेवू?"

"का गं?"

"काही नाही. विचारलं."

आता तिच्यासमोर कुठल्या दाताची शपथ घ्यायची?

खोड ते. बाकी सगळं खरं आहे, कुत्र्याची लाळसुद्धा. एवढं एक मी रचलं. त्याच संध्याकाळी मी गेले नाही. कस्तू पायरीवर बसली त्या दुपारपासून मी अकरा दिवस गेले नाही. बाराव्या दिवशी मॅडम नवी बाटली घेऊन यायच्या होत्या, तसा निरोप शाळेत आला होता. आता आपण सापडणार हे कळलं, तेव्हा अकराव्या संध्याकाळी मी भागूचा उंबरा गाठला.

आणि ते अकरा दिवस कस्तू रोज दुपारी आली. भिंतीला धरत, वीस पावलं. रोज म्हणायची, आजी, माझ्या खऱ्या आईची गोष्ट सांग. आणि मी सांगितली. रोज. शहरातलं घर सांगितलं, झोपाळा सांगितला. ती बाई गोरी, तिचे हात पांढरे, मऊ, काजूच्या डागाचे नाहीत, असं सांगितलं. पोर ऐकायची टक लावून. असं ऐकणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

"तुला आठवतं का गं ते?" मी विचारलं.

"आठवतं," कस्तू म्हणाली. "मग घरी जाऊन मी आईचे हात बघायची." आणि ती लिहीत राहिली.